कामगारांचे आरोग्य आणि डॉक्टरांची जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण. पालक व विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे म्हणून येथे लेखरूपाने देत आहोत.)





आताच बक्षिसे देताना मी प्रत्येक मुलामुलीला विचारत होतो, “पुढे काय होणार?” निम्म्याहून अधिक मुलांनी “डॉक्टर” असे उत्तर दिले. ऐकून आनंद वाटला. माझ्या विद्यार्थिदशेत आपल्या मोहल्ल्यात एम.बी.बी.एस. झालेला माणूस शोधावा लागे. आज मुली सुद्धा हिमतीने हे नाव घेतात, ही या संस्थेच्या अनेक वर्षांच्या कष्टांची कमाई आहे.

तरी डॉक्टर कसे व्हावे, कोणत्या परीक्षा द्याव्यात, किती गुण लागतात हे सांगायला मी आलेलो नाही. ते तुमचे शिक्षक माझ्यापेक्षा चांगले सांगतील. डॉक्टर झाल्यानंतर माझ्याकडून जी एक चूक झाली, ती मला आज तुमच्यापुढे मांडायची आहे. भाषणाच्या व्यासपीठावरून माणूस सहसा आपले यश सांगतो. पण तुमच्यापैकी बहुतेकांचे वडील, चाचा, मोठे भाऊ मागावर, सायझिंगमध्ये, गॅरेजमध्ये नाही तर दगडाच्या खाणीवर काम करतात. म्हणून माझ्या यशापेक्षा माझी चूकच तुमच्या अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

केसपेपरवरील एक शब्द

ही गोष्ट १९९२ सालची. मागांच्या गावात माझा दवाखाना सुरू होऊन चार वर्षे झाली होती. एक गृहस्थ माझ्याकडे नेहमी येत. त्यांचे खरे नाव सांगणे योग्य नाही. आपण त्यांना करीमचाचा म्हणू. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंग काटक, स्वभाव अबोल. तक्रार एकच : छाती भरून येते, दम लागतो, कोरडा खोकला येतो. थुंकीची तपासणी तीनदा केली, क्षयाचे जंतू सापडले नाहीत. एक्स-रेमध्ये विशेष काही दिसले नाही. बिडी ओढत असत, म्हणून मी बिडीवर रागावलो. दम्याची औषधे दिली, ताकदीची बाटली दिली. चार दिवस बरे वाटे, पुन्हा येत. असे तीन वर्षे चालले.

शेवटी मी त्यांना मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. त्या वयोवृद्ध डॉक्टरांनी नळी छातीला लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, “काम काय करता?” चाचा म्हणाले, “वेस्ट कापूस पिंजण्याच्या मशीनवर आहे.” दुसरा प्रश्न आला, “सोमवारी जास्त त्रास होतो का?” चाचा म्हणाले, “नाही साहेब, शनिवारी होतो.” डॉक्टर क्षणभर थांबले आणि त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, “तुमची सुट्टी कोणत्या दिवशी असते?”

चाचांनी उत्तर दिले, “जुम्याला.”

कापसाच्या बारीक धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या बोंडापानांचा चुरा आणि त्यावर वाढणाऱ्या जंतूंचे विषारी अंश श्वासावाटे फुप्फुसात जाऊन हा रोग होतो. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. आठवड्याची सुट्टी संपवून माणूस कामावर परतला की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, आणि पुढच्या दिवसांत त्रास कमी होत जातो. पुढे पुढे तो दोन दिवस, चार दिवस, रोज होऊ लागतो आणि शेवटी दम कायमचा मागे लागतो. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात या विकाराच्या पायऱ्या ठरवल्या. तेथे सुट्टी रविवारची, म्हणून पुस्तकात “सोमवार” आला. मुंबईच्या गिरण्यांतही हा रोग आहे, हे के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासून दाखवले होते. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत मात्र मागांना शुक्रवारची सुट्टी असते. आपला सोमवार म्हणजे शनिवार! हे पुस्तकात कसे असणार? ते रोग्याला विचारूनच कळायचे.

चाचांच्या हाती त्या डॉक्टरांनी मला चिठ्ठी पाठवली. मी जुने केसपेपर काढून बसलो. चाचांच्या भेटींच्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या, तेव्हा बहुतेक साऱ्या भेटी शनिवारी संध्याकाळच्या, नाही तर रविवारच्या निघाल्या. निदान माझ्याच कपाटात, माझ्याच अक्षरात तीन वर्षे पडून होते. केसपेपरवर “व्यवसाय” असा एक रकाना असतो. त्यात मी एकच शब्द लिहिला होता : “मजुरी”.

मजुरी हा काही व्यवसाय नव्हे. मजुरी म्हणजे काय उचलणे, काय हुंगणे, कशाच्या आवाजात उभे राहणे, किती तास वाकणे? त्या शब्दाने मी काहीच नोंदवले नव्हते, उलट सारे झाकून ठेवले होते.

तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न

हा प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे. इटलीतील मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले (१६३३-१७१४). त्यांच्या घरी मैल्याचा खड्डा उपसायला माणूस आला होता. तो फार घाईघाईने काम करीत असलेला पाहून रामाझिनींना त्याची दया आली व त्यांनी घाईचे कारण विचारले. चार तासांहून अधिक वेळ या खड्ड्यात थांबले तर माणूस आंधळा होतो, असे त्याने सांगितले. रामाझिनींनी त्याचे डोळे तपासले. ते लाल आणि मंद झालेले होते. याच कामातले आंधळे झालेले अनेक भिकारी शहरात आहेत, हेही त्यांच्या लक्षात आले. त्यानंतर हा विद्वान प्राध्यापक कुंभार, विणकर, मुलामा देणारे, खाणकामगार अशांच्या कामाच्या जागी स्वतः गेला आणि १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवरचा जगातील पहिला मोठा ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न पूर्वीपासून विचारले जात, त्यांत “तुमचा धंदा कोणता?” या प्रश्नाची भर घाला, असे त्यांनी वैद्यांना सांगितले.

विद्यार्थिनींना मी आणखी एक नाव लक्षात ठेवायला सांगेन : अमेरिकेच्या डॉ. अॅलिस हॅमिल्टन (१८६९-१९७०). शिशाच्या विषबाधेने कामगार अधू होत होते, पण ते कोणाच्या दप्तरात नव्हते. १९१० साली इलिनॉय राज्याने चौकशी नेमली, तेव्हा या बाई कारखान्यांत तर गेल्याच, पण रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या, औषधाच्या दुकानदारांना विचारले, कामगारांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांशी बोलल्या. १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अध्यापक नेमले. त्या विद्यापीठाच्या अध्यापकवर्गातील त्या पहिल्याच स्त्री. तेव्हा तेथील वैद्यकीय महाविद्यालय मुलींना प्रवेशही देत नव्हते! कामगाराच्या घरात, त्याच्या पत्नीजवळ बसून जे कळते ते कारखान्याच्या कचेरीत कळत नाही. आपल्या मुली हे काम किती चांगले करू शकतील, याचा पालकांनी विचार करावा.

औषधाची बाटली आणि धुळीची शेड

चिठ्ठी आल्यावर मी प्रथमच चाचांच्या कामाची जागा पाहायला गेलो. माझ्या दवाखान्यापासून ती पायी पंधरा मिनिटांवर होती. चार वर्षांत मी एकदाही तेथे गेलो नव्हतो. वाऱ्याने कापूस उडतो म्हणून दारे-खिडक्या बंद. दिव्याभोवती पांढरे वलय. भिंतींवर, छताच्या कैच्यांवर, माणसांच्या पापण्यांवर कापसाचे तंतू. नाकाला रुमाल बांधून माणसे मशीनमध्ये कापूस टाकत होती. त्या रुमालाने मोठे तंतू अडतात. पण फुप्फुसात उतरणारी धूळ डोळ्यांना दिसतही नाही इतकी बारीक असते, आणि ती त्यातून आरपार जाते.

मी तीन वर्षे ज्या छातीला औषध देत होतो, ती छाती रोज आठ तास येथे उभी होती. छप्पर गळत असताना खाली फरशी पुसत बसावे, तसे माझे चालले होते.

औद्योगिक आरोग्याचे शास्त्र नेमके हेच सांगते. धोका प्रथम उगमापाशी थांबवावा. मशीनला आवरण घालावे, धूळ तेथल्या तेथे ओढून नेणारा झोत-पंखा व नळ बसवावा, शक्य तेथे सुक्याऐवजी ओले काम करावे. त्यानंतर कामाच्या पाळ्या, माणसांची अदलाबदल. मुखपट्टी सर्वांत शेवटी, आणि ती सुद्धा योग्य प्रतीची. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. आपण मुखपट्टीपासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो.

यात डॉक्टरांचे काम कोणते? कामावर घेण्यापूर्वी माणसाची तपासणी करावी. त्याला कामावरून हाकलणे हा तिचा हेतू नाही. ज्याला आधीच दमा आहे त्याला धुळीच्या मशीनवर न ठेवता दुसरीकडे ठेवावे आणि त्याच्या फुप्फुसांची, कानांची आजची अवस्था लिहून ठेवावी, यासाठी ती असते. पुढे ठराविक मुदतीने तीच तपासणी पुन्हा करावी. फरक दिसला तर तो रोग होण्याआधीच दिसतो. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याची एक साधी नळी मिळते. मी ती घेऊन एका शनिवारी सकाळी शेडच्या दाराशी उभा राहिलो आणि संध्याकाळी पुन्हा उभा राहिलो. चाचांचाच नव्हे, त्यांच्याबरोबरच्या आणखी काही जणांचा श्वास सकाळपेक्षा संध्याकाळी स्पष्ट कमी भरला. त्यांपैकी काहींनी माझ्याकडे कधी तक्रारही केली नव्हती.

धूळ निदान दिव्याच्या उजेडात दिसते. आवाज तर दिसतही नाही. यंत्रमागांच्या शेडमधील आवाज अनेकदा ९० डेसिबलच्या वर जातो; आठ तासांच्या पाळीसाठी आपल्या नियमांनी घातलेली मर्यादा ९० डेसिबल आहे. मागावरची माणसे ओठांच्या हालचालींवरून आणि हाताच्या खुणांनी बोलतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. या आवाजाने कान दुखत नाही, वाहत नाही. प्रथम उंच पट्टीचे स्वर जातात. त्यामुळे पुरुषांचे बोलणे समजते, पण बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे अर्धवट कळते. घरातले म्हणतात, “अब्बा लक्ष देत नाहीत.” अब्बा लक्ष देतात, पण त्यांना ऐकू येत नाही. आणि असा गेलेला कान कोणत्याही औषधाने परत येत नाही.

तिसरे उदाहरण दगडाच्या धुळीचे. खाणीत, क्रशरवर, गुजरातेत खंभातच्या अकीक घासण्याच्या धंद्यात सिलिका नावाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. तो वरवर क्षयासारखा दिसतो, आणि सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याची शक्यताही अधिक असते. त्यामुळे घाईत असलेला डॉक्टर क्षयाच्या गोळ्या देतो आणि माणसाला पुन्हा त्याच दगडापुढे पाठवतो. अशा रोगांचा अभ्यास करण्यासाठी अहमदाबादला १९६६ साली एक संशोधन संस्था स्थापन झाली. ती आज राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था म्हणून ओळखली जाते.

डॉक्टर कोणाचा?

आता अवघड भागाकडे वळतो.

त्या शेडचे मालक आपल्यातलेच होते. त्यांचे सारे कुटुंब माझे रुग्ण. ईदला आम्ही गळाभेट घेत असू. गावातल्या चांगल्या कामांत त्यांचा हात सढळ होता, हे मी आजही सांगेन. मी त्यांच्याकडे गेलो, सारे समजावून सांगितले. त्यांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही औषध द्या, कारखाना मी पाहतो.”

मुंबईच्या त्या डॉक्टरांनी चिठ्ठीत एका कलमाचा उल्लेख केला होता. १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम ८९ असे होते की, कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला ठराविक यादीतला रोग झाल्याचे दिसले, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने विनाविलंब मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवले पाहिजे. बिसिनोसिस, सिलिकोसिस, शिशाची विषबाधा ही नावे त्या यादीत होती. १९८७च्या दुरुस्तीनंतर आवाजाने येणारे बहिरेपणही आले. हे कर्तव्य केवळ कारखान्याच्या पगारी डॉक्टरवर नव्हते, माझ्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरवरही होते. हे कलम मला कॉलेजात कोणी शिकवले होते की नाही, आठवत नाही. माझ्या लक्षात मात्र नव्हते.

लक्षात आल्यावर मी ताबडतोब पत्र पाठवले असे सांगता आले असते तर बरे झाले असते. मी ते पत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवले. मालकांशी संबंध बिघडतील, गावात बोलणी होतील, ही भीती होती. सात आठवडे ते पत्र खणात राहिले. एका शनिवारी चाचा पुन्हा आले. पलंगावर बसून श्वास सापडेपर्यंत त्यांना बोलता येईना. त्या रात्री मी पत्र टपालात टाकले.

पुढे निरीक्षक आले, पाहणी झाली. मालकांनी वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले. त्याचे मला इतके दुःख झाले नाही, जितके दुसऱ्या एका गोष्टीचे झाले. शेडमधले दोन तरुण कामगार दवाखान्यात येऊन रागाने म्हणाले, “कारखाना बंद पडला तर आमच्या घरी चूल तुम्ही पेटवणार का?” त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. कारखाना बंद पडला नाही. मशीनला आवरण आले, धूळ ओढणारा पंखा आला. चाचांना बांधणीच्या खात्यात काम मिळाले. त्यांची छाती थोडी मोकळी झाली, पण गेलेला श्वास पूर्ण परत आला नाही. जिना चढताना त्यांना शेवटपर्यंत मध्येच थांबावे लागे.

आणि नुकसानभरपाईच्या वेळी काय झाले ते ऐका. व्यवसायजन्य रोग हा कामावर झालेल्या अपघातासारखाच भरपाईला पात्र मानला जातो. पण पुरावा लागतो. त्रास कधीपासून आहे, डॉक्टरांनी काय लिहिले आहे, असे विचारले गेले. माझे तीन वर्षांचे केसपेपर पुढे आले. त्यांवर “दमा” आणि “मजुरी” एवढेच. माझ्या आळसाची किंमत त्या गरीब माणसाने भरली. त्याचे प्रकरण लांबत गेले.

म्हणून विद्यार्थ्यांनो, डॉक्टरांचे लिहिणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. कारखान्याचा पगार घेणाऱ्या डॉक्टरचीही निष्ठा प्रथम रुग्णाशी असते. हे माझे भावनेचे बोलणे नाही. १९४८च्या अधिनियमाने कारखान्यात हितसंबंध असलेल्या माणसाला प्रमाणक शल्यचिकित्सकाच्या पदावर नेमण्यास मनाई केली होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८५ साली स्वीकारलेल्या १६१ क्रमांकाच्या करारात, आरोग्यसेवेतील लोकांना व्यावसायिक स्वातंत्र्य असावे आणि कामगार गैरहजर का राहिला याची शहानिशा करण्याचे काम मालकाने त्यांच्याकडून करून घेऊ नये, असे म्हटले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात, कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला. त्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा काम सोडल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपाव्यात, असाही आदेश दिला. काही रोग इतक्या उशिरा डोके वर काढतात!

भोपाळची आठवण

एका कामगाराच्या आजाराकडे दुर्लक्ष केले तर काय होते, हे या देशाने पाहिले आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जिन वायूने एका कामगाराचा मृत्यू झाला. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ साली आपल्या साप्ताहिकातून शहराला सावध केले. कोणी मनावर घेतले नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि जुन्या भोपाळच्या वस्त्यांत हजारो माणसे मेली. हमीदिया रुग्णालयात रात्रभर धडपडणाऱ्या डॉक्टरांना वायू कोणता आणि त्यावर उपचार कोणता, याची नीट माहिती नव्हती. ती त्यांना आधी कोणी दिली नव्हती.

त्यानंतर १९८७ साली कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणे, कामगारांची वैद्यकीय तपासणी करणे, नोंदी ठेवणे आणि त्या कामगाराला पाहू देणे ही मालकाची जबाबदारी ठरली. हजारो जीव गेल्यावर हा कायदा आला. १९४८च्या अधिनियमाची जागा आता २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. यादीतल्या रोगाची खबर देण्याचे डॉक्टरांचे कर्तव्य त्या संहितेतही कायम आहे.

परंतु आपल्या गल्ल्यांतून जेथे चार माग, सहा माग चालतात आणि दहापेक्षाही कमी माणसे काम करतात, तेथे कायद्याचा मोठा भाग पोहोचतच नाही. तेथे निरीक्षक नाही, कारखान्याचा डॉक्टर नाही. आहे तो कोपऱ्यावरचा फॅमिली डॉक्टर. त्याने विचारले नाही तर कोणीच विचारणार नाही.

तुम्हाला माझे सांगणे

पालकांनो, यापुढे दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपले काम सांगा. “मजुरी करतो” म्हणू नका. कोणत्या मशीनवर, किती वर्षे, धूळ कशाची, आवाज किती, सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का, हे सांगा. जुने केसपेपर, एक्स-रे फेकू नका. पिशवीत घालून जपून ठेवा. घरात कांड्या भरणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या भगिनींनीही आपल्या कामाला काम समजावे आणि डॉक्टरांना सांगावे.

शेडचे मालक या सभेत बसले असतील, त्यांना मी परका मानत नाही. आपण रोजी हलाल असावी याची काळजी घेतो. त्या रोजीसाठी दुसऱ्याच्या छातीत काय जाते, याचीही काळजी त्याच हिशोबात धरावी, एवढीच विनंती.

आणि विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळणार नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. परिचारिका, सुरक्षा अधिकारी, धूळ व आवाज मोजणारे तंत्रज्ञ, कारखाना निरीक्षक ही सगळी माणसे या कामात डॉक्टरइतकीच लागतात. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. तेथे या विषयांचे शिक्षण मिळते. डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा खास अभ्यासक्रमही आहे. चौकशी करा.

जे डॉक्टर होतील त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर पदवी जरूर लावावी. पण आठवड्यातून एकदा आपल्या रुग्णांच्या कामाच्या जागी पायी जावे. आणि केसपेपरवरचा “व्यवसाय” हा रकाना एका शब्दात भरू नये. चाचांचे तीन वर्षांचे केसपेपर मी अजून माझ्या कपाटात ठेवले आहेत. नवा डॉक्टर मदतीला आला की पहिल्या दिवशी मी त्याला तेच वाचायला देतो.